बंद क्वार्टरची पायरी

(जवाहरनगरच्या फॅक्टरी क्वार्टरमधून अतुल, तिथून लाखनीला राहायला गेलेला प्रविण. दोघंही आठवीत. फोनवर.)

अतुल : थांब ना बे, आयक. हे पान मी लिहिनारच नव्हतो. पेन बंद करून ठेवला होता.

प्रविण : कोनतं पान?

अतुल : डॉक्टरनं वही देल्ली ना. रोज काय खाल्लं ते लिहाचं. माह्या लिवरवर चरबी चढली म्हने.

प्रविण : लिवर? ते तं दारू पिनाऱ्याचं खराब होते ना बे?

अतुल : म्हून तं आई सगळ्याईले कावीळ सांगून राहिली. शेजारच्या देवकाबाईनं कावीळ उतरवाची माळ आनून देल्ली. गळ्यात घातली का लांबत लांबत खाली जाते म्हने.

प्रविण : गेली?

अतुल : कावीळ असन तं जाईन! पोटावर येऊन अटकली.

प्रविण : हसू का?

अतुल : हस. तुले चालते.

प्रविण : अन् त्या पानाचं काय?

अतुल : दोन महिने खोटंच लिहिलं, आज पयल्यांदा खरं. वरन-भात, एक पोळी, लवकीची भाजी. अन् वजन वाढलं तीन किलो. डॉक्टर आईलेच बोलले, "बाई, घरीच जास्त वाढता तुम्ही पोराला."

प्रविण : काकू काय म्हनल्या?

अतुल : आता भाजीत तेलच नाही टाकत. सोताही तेच खाते. काल म्हने, माह्या हातातच दोष हाय.

प्रविण : खरं काय खातं तू?

अतुल : चारले शाळेतून येतो. आई-बाबाची फॅक्टरीची बस साडेसहाले. तोवर चिप्सचे दोन पाकीट, क्रीमवाले बिस्कीट, कोल्ड्रिंक. रोज.

प्रविण : काकूले पाकिटं नाही दिसत?

अतुल : घरी खातच नाही. तुमच्या क्वार्टरच्या पायरीवर खातो. पाकिटं तुमच्या फुटक्या खिडकीतून आत टाकतो.

प्रविण : काहून बे? आमचंच घर भेटलं कचऱ्याले?

अतुल : कुलूपच हाय ना. तुमी गेल्यावर कोनीच नाही आलं तिथं.

प्रविण : ग्राउंडवर नाही जात?

अतुल : तू होता तं टीममध्ये घेत होते. आता म्हनते, अंपायर बन. एक दिवस बनलो.

प्रविण : मंग?

अतुल : मंग काय. पायरीवर बसलो का वाटते, तू आतून चप्पल घालून येऊनच राहिला. पाकीट संपेपर्यंत वाटते. मंग दुसरं फोडतो.

प्रविण : हे लिहिलं पानावर?

अतुल : पाकिटाचं लिहिलं. पायरीचं नाही.

प्रविण : उद्या दाखवशीन डॉक्टरले?

अतुल : आई बाजूलेच बसून राहते बे. रडन.

प्रविण : आता नाही रडत का?

अतुल : रडते. दाखवतो मंग. डॉक्टरच्या आधी आईलेच दाखवतो.

प्रविण : अन् आमची पायरी?

अतुल : तिथं तं जाईन. रोज जाईन. पन रिकाम्या हातानं बसीन. शब्द देतो तुले.