काचेच्या कपाटातला बेडपॅन

— हलवणार नाही, ताई. शताब्दीचे पाहुणे येवोत नाहीतर आणखी कुणी येवो, कपाट आहे तिथेच राहील. तुम्ही थोर लेखकाच्या कन्या असाल, विश्वस्त असाल. पण या घराच्या किल्ल्या माझ्याकडे आहेत आणि वस्तूंखालच्या चिठ्ठ्या मी लिहिते. वाचा ना, मोठ्याने वाचा — 'लेखकांचा बेडपॅन. विषमज्वराच्या आजारात सहा आठवडे वापरलेला.' यात खोटं काय आहे? टेबल खरं, खुर्ची खरी, मग हाच तेवढा खोटा? लोक टेबलाला हात जोडतात आणि फोटो मात्र याचा काढतात, त्याला मी काय करू? — शोभत नाही म्हणता? कबूल, नाही शोभत. पण तो रोज धुणाऱ्या बाईला कादंबरीत 'चोरडोळी' म्हणणं शोभलं का? अकरा महिने तुमचे वडील या माडीवर भाड्याने राहिले. आजारात माझ्या आईने त्यांना चमच्याने पाणी पाजलं, अंग पुसलं, कुशीवर वळवलं. बरे झाले, निघून गेले, आणि मग पुस्तक आलं. त्यातली घरमालकीण काय करते? भाडेकरूच्या दाराच्या फटीला डोळा लावून बसते! सगळं गाव खो-खो हसलं. दुकानात, रस्त्यात, माझ्या वर्गात — 'चोरडोळीची पोर आली बघा!' आईने बाहेर जाणं सोडलं. एकोणीस वर्षं तिने खिडकीचा पडदासुद्धा बाजूला सारला नाही. कुणी म्हणेल, बघतेय.

काय म्हणालात? उगाच कशाला लिहितील? — उगाच नाहीच मुळी! फटीला डोळा होता. होता ना. पण तो आईचा नव्हता. नऊ वर्षांची होते मी. माणूस दिवसभर बसून लिहितो म्हणजे नेमकं करतो काय, एवढंच मला बघायचं होतं. त्यांनी आतून दरडावलं, 'कोण आहे?' — आणि जिन्यातून आई म्हणाली, 'मी आहे.' का म्हणाली? मला बोलणी बसू नयेत म्हणून, दुसरं काय! आणि मी गप्प राहिले. पुस्तक आलं तेव्हाही गप्प. ती गेली तेव्हाही —

हे काय करता आहात? वही कशाला काढलीत? पेन आत ठेवा. तुमच्या घराण्याने आमच्याबद्दल एकदा लिहिलं, तेवढं पुरे झालं. वेळ संपली आहे, ताई. निघा.