एका दिवसाचा खंड

आजच्या सभेचे अध्यक्ष, आमचे सरपंच सुकलूभाऊ. मंचावर बसलेल्या आमच्या पर्यवेक्षिका दिव्यानी मॅडम. पोंभुर्ण्याहून ऊन डोक्यावर घेऊन आलेले पाहुणे. माझ्या सेविका आणि मदतनीस भगिनींनो. आणि मागे सतरंजीवर बसलेल्या, माझ्या अंगणवाडीत खिचडी खाऊन आता मिशा फुटलेल्या लेकरांनो, तुम्हा सगळ्यांना माझा मनापासून जय भीम.

खिचडी माझ्या हातची नव्हती, हे आधीच सांगून टाकते. ती अंजनाबाईच्या हातची होती. मी सेविका, ती मदतनीस. मी रजिस्टर लिहायची, ती चूल सांभाळायची. चोवीस वर्षं आम्ही दोघींनी ती एक खोली चालवली. नाव माझं झालं, पोटं तिनं भरली.

मॅडमनी कालच बजावलं होतं की बाई, स्टेजवर शुद्ध बोला. जमेल तेवढं बोलते. मधातच घसरले तर तुम्ही सावरून घ्या.

आत्ता मॅडमनी मानपत्र वाचलं. त्यात लिहिलं आहे, 'वच्छलाबाईंनी आठ वर्षं, एकही दिवस खंड न पडू देता, रोज पहाटे ध्यानसाधना केली.' तुम्ही टाळ्या वाजवल्या. सरपंच म्हणाले की रिटायर झाल्यावर बाईंनी आता विहारात सगळ्या गावाला ध्यान शिकवावं. मी खाली मान घालून बसले होते. लाजून नाही. सांगते.

सुरुवात कशी झाली, ते तर गंमतच आहे. दहा दिवसांच्या शिबिराला गेले तेव्हा आमचे हे, मुखरू, म्हणाले, "दहा दिवस चूप राह्यणार? तू?" मला राग आला, म्हणूनच गेले. परत आल्यावर धानाच्या कट्ट्यांशेजारी, पोत्यांच्या आडोशाला, चटई टाकली आणि पाच ते साडेपाच बसू लागले. पहिला महिना काय सांगू? गुडघे ठणकायचे, कानाशी मच्छर, आणि मनात पोषण आहाराचा तांदूळ. श्वास आत गेला, बाहेर आला, एवढंच पाहायचं असतं. तेवढंही होत नव्हतं. मग हळूहळू उमगलं. मन पळालं तर त्याला रागवायचं नाही. अंगणवाडीतून घराकडे पळालेल्या पोराले आपण कसं हात धरून आणतो? तसं आणायचं. दिवसातून शंभरदा आणायचं.

खरं सांगते, माझ्यात फरक पडला. पोरांवर ओरडणं कमी झालं. मुखरूंशी भांडण आठवड्यावर आलं. पण एक गोष्ट वाढली, तिला अहंकार म्हणतात. मी सगळ्या गल्लीला सांगून ठेवलं की पाच ते साडेपाच घराले आग लागली तरी मले हाक मारायची नाई. बाया म्हणायच्या, वच्छलाबाई धेनात बसली की ढिम्म हलत नाई. मला ते फार आवडायचं.

आता इथे बसलेल्या पाहुण्यांसाठी एक सांगायला हवं. आमच्याकडे मोह, म्हणजे मोहाची फुलं, पडायला लागला की पहाटे वेचायला जावंच लागतं. उशीर झाला की गुरं खातात. आणि जंगलात एकट्यानं जायचं नाही, ही रीत आहे. जोडीदारणीच्या दारात हाक द्यायची, ती निघाली की निघायचं. झाडाखाली गेल्यावरही थोड्या थोड्या वेळानं एकीनं हाक द्यायची, दुसरीनं 'ओ' द्यायची. वाकून वेचणारा माणूस वाघाले माणूस वाटत नाई. आवाज असला की तो बाजूनं जातो. आमच्या जिवाचा पहारा म्हणजे तेवढी हाक आणि तेवढी ओ.

माझी जोडीदारीण अंजनाबाईच. माझं ध्यान सुरू झाल्यावर ती बिचारी अर्धा तास थांबायची. मग आम्ही जायचो.

सात वर्षांपूर्वीचा एप्रिल. मी चटईवर बसले होते. पाच वाजून दहा मिनिटं झाली असतील. दारात हाक आली, "वच्छलाबाई, चाल ना मोहाले. आज लय पडला असंन." मी डोळे उघडले नाहीत. दुसरी हाक आली. शिबिरात शिकवलं होतं की आवाज आला तर आवाज आहे एवढं जाणायचं आणि श्वासाकडे परत यायचं. मी परत आले. तिसऱ्यांदा ती हळूच बोलली, "बस बाई, तुयं धेन नाई मोडत मी. समोर होतो, तू ये मागून."

मी ते शब्द न शब्द ऐकले. आणि मनात काय आलं, सांगू? मनात आलं, आज जमलं. आज मी जराही ढळले नाही.

साडेपाचला उठले, चहा घेतला, टोपली घेऊन निघाले. नाल्यापलीकडच्या झाडाखाली तिची टोपली होती, अर्धी भरलेली. मी हाक दिली. तीनदा दिली. ओ आली नाही.

पुढचं तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. गावानं तिला जंगलातून आणलं, शेवटचं पोचवलं. पंचनाम्याच्या वेळी फॉरेस्टवाल्यांनी मला विचारलं, बाई, तुम्ही तर रोज सोबत जायच्या, आज काऊन नाई गेल्या? मी सांगितलं, ध्यानात बसल्या बसल्याच झोप लागली होती, हाक ऐकूच नाही आली. लोकांनी उलट माझीच समजूत काढली. तिची पोरगी खुशबू माझ्या गळ्यात पडून रडली आणि म्हणाली, "मावशी, तुमी नोका रडू, तुमचा काय दोष?"

ती खुशबू इथे पहिल्या ओळीत बसली आहे. उद्यापासून माझ्या जागी तीच सेविका आहे. आणि गेली पाच वर्षं रोज पहाटे ती माझ्या शेजारी चटई टाकून बसते, मी शिकवलेला श्वास पाहते. आत्ताच कोणीतरी माझी थट्टा केली ना, की बाईंच्या ध्यानात सगळं चूपचाप असतं, फक्त मधातच बाई स्वतःच 'ओ' म्हणतात? खुशबूनंही एकदा विचारलं होतं. मी म्हटलं, म्हातारपणाची खोड आहे.

खोड नाही, खुशबू. पाच वाजून दहा मिनिटांनी मला रोज हाक येते. मी रोज ओ देते.

मानपत्रात खंड पडला नाही असं लिहिलंय, तेही खरं आहे. तिला पोचवलं त्याच्या दुसऱ्या दिवशीही मी बसले. पण ती साधना नव्हती. पाचला जाग आली, चटईवर बसले आणि दाराकडे तोंड करून हाकेची वाट पाहत राहिले. आठ वर्षांतली सात वर्षं अशीच गेली. म्हणून म्हणते मॅडम, ते वाक्य खोडून टाका. एक दिवस खंड पडायला हवा होता. एकच दिवस. आज अंजनाबाई इथे बसली असती आणि तुम्ही दिलेल्या या शालीला नावं ठेवली असती.

गावाला ध्यान शिकवायचं तर मी शिकवीन. दहा मिनिटांपासून सुरू करा, एकच जागा, एकच वेळ, दुखलं तर पाय बदला. पण माझ्याकडे शिकायचं तर दार उघडं ठेवून बसायचं, आणि कोणी हाक दिली की उठायचं. श्वास कुठी जात नाई. माणूस जाते.

तुम्ही मला शाल दिली, श्रीफळ दिलं, इतकी वर्षं तुमची लेकरं विश्वासानं माझ्या ओटीत टाकली, त्याबद्दल मी आपल्या सर्वांची ऋणी आहे. बोलण्यात कमीजास्त झालं असेल, कार्यक्रमाचा रंग माझ्यामुळे उतरला असेल, तर सभेनं मोठ्या मनानं पोटात घालावं. ती दुसरी माफी मी सभेकडे मागत नाही. ती जिच्याकडे मागायची, तिनं आत्ता मान खाली घातली आहे, आणि तिनं इथे चार लोकांत काही बोलावं असं मी म्हणणार नाही.

खुशबू, उद्या पाच वाजता दार उघडं राहील. तू नाही आलीस तरी मी समजीन. आलीस तर बाहेरूनच हाक दे, बाई. मी उठून येतो.