रेडिओला ‘हो’ म्हणणारा पुराणिक

माझं पुराण बंद पडलं असं कोण म्हणतं? मी रोज संध्याकाळी देवळात असतो. झालं असं, दुसरबीडच्या पाटलांनी रेडिओ आणून माझ्या पाटावर ठेवला आणि त्यातून नागपूरचे कोणी शास्त्री रामकथा सांगू लागले. मी पोथी बांधली, तर पाटील म्हणाले, “महाराज, चालले कुठं? तुमच्याबिगर जमत नाही.”

मी सुखावलो.

“तुमच्या कथेत मी दर वाक्याले ‘हो, महाराज’ म्हनत होतो. हा बिचारा एकटाच बोलून राह्यला, अन् त्याचं बोलनं आमाले समजत नाही. शिकलेले तुम्हीच. तुम्ही ‘हो’ म्हना.”

तेव्हापासून म्हणतो आहे. काल कथा संपून बाजारभाव लागले. मी गप्प झालो, तर पाटलांनी डोळे वटारले. मग सरकीच्या भावालाही म्हटलं, “हो, महाराज.”