अक्काच्या पोटात काय होतं

आबा, नाना, जमलेल्या बठ्ठ्या आयाबायांनो, भाऊ लोकांनो.

मी रात्री झोपलेली नाही. माझ्या पिंकीचं काल संध्याकाळपासून पोट दुखतंय. ती बघा, आत्याबाईंच्या, माझ्या सासूबाईंच्या, मांडीवर कण्हतेय. माझं अर्धं लक्ष तिकडंच जाईल. मला चौथीपुढं शाळा नाही, माणसांसमोर कधी उभी राहिले नाही. पण सरपंच म्हणाले, यमुनाअक्काजवळ धुळ्याला शेवटपर्यंत तूच होतीस, तूच बोल. बोलते. चुकलं तर सांभाळून घ्या.

अक्कानं इथं किती जणांचं पोट चोळलं? कोण राहिलंय? कोणाची बेंबी सरकली की अक्का. बेंबीवर पेटती पणती ठेवायची, वरून तांब्या उपडा घालायचा, तांब्या पोटाला गच्च चिकटायचा. मग चोळायचं. वर एरंडेल पाजायचं. आणि तोंड चालूच. "काय खाद्धं रे? बुंदीना कढईमाच बठेल व्हता का?" माणूस हसायचा, हसता हसता उठून बसायचा. तिला मूलबाळ नव्हतं. आपला हात तिनं मला शिकवला.

आणि तिचंच दुखायला लागलं, तेव्हा चोळलं कोणी? मी चोळलं. तांब्या मी लावला. एरंडेल मी पाजलं. ती पडल्या पडल्या मलाच बोलायची, "जोर नही का वं हातमा? भाकर खादी नही का?" मी आणखी जोर लावायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुखणं एकदम थांबलं. अक्का उठून बसली. म्हणाली, "बसनी वं बेंबी!" चहा प्यायली. आम्ही दोघी हसलो. दुपारी पोट पाटासारखं कडक झालं. अंग तापलं. तरी आम्ही रात्र काढली. तिसऱ्या दिवशी एस.टी.त घालून धुळ्याला नेली.

तिथला डॉक्टर पोरगेलाच होता. त्यानं आधी विचारलं, किती वाजता दुखायला लागलं? माझ्याकडं कुठलं घड्याळ? मी म्हटलं, सकाळची एस.टी. गावात आली तेव्हा. त्यानं ते लिहून घेतलं. काय पाजलं? लिहिलं. चोळलं का? लिहिलं. थांबलं कधी? मी हौसेनं सांगितलं, दुसऱ्या दिवशी, दूध काढायच्या वेळेला. तो लिहायचा थांबला. म्हणाला, "बाई, तेव्हाच फुटलं."

मला काही कळलं नाही. दुखणं थांबलं म्हणजे बरं ना?

त्याच दिवशी कापलं तिला. शुद्धीवर आली तर नाकात नळी. म्हणते, "बैलाले येसन घालतस तशी घाली मले." मग मला जवळ बोलावलं. "इचार त्या डाक्टरले, मन्हा पोटमा काय व्हतं? चाळीस वरीस लोकेस्ना पोटे चोयात, आतमा काय शे ते पाह्यंच नही."

मी गेले विचारायला. भीती वाटत होती, पण मलाही जाणून घ्यायचं होतं. त्यानं कागदावर आतडं काढून दाखवलं. उजव्या बाजूला खाली बोटाएवढं शेपूट असतं. ते सुजतं. आधी बेंबीपाशी दुखतं, मग उजवीकडं सरकतं. सुजून फुटलं की थोडा वेळ बरं वाटतं, आणि आत घाण पसरत जाते. मी विचारलं, मग अक्काच्या हातानं एवढी माणसं बरी कशी झाली? तो म्हणाला, बहुतेक पोटं आपली आपणच बरी होतात. ज्याचं होत नाही, त्याचा वेळ जातो.

मी म्हटलं, तुम्ही वेळ कशाला लिहून घेता? तो म्हणाला, "या आठवड्यात एकाच दुखण्याची दोन पोटं उघडली. एक घरी जाईल, एकीचं मला सांगता येत नाही. फरक कशानं पडतो? वयानं? आमच्या हातानं? का दवाखान्यात यायला किती तास गेले त्यानं? आधी नशीब म्हणायचे. आता ठिकठिकाणचे डॉक्टर हेच मोजायला बसलेत."

ते दुसरं पोट शेजारच्या खाटेवर होतं. सातपुड्याकडची पोरगी. बापानं झोळीत घालून डोंगर उतरवला आणि दुखायला लागलं त्याच दिवशी आणली. आपल्या दारात एस.टी. येते, आणि आपण तिसऱ्या दिवशी! मी त्याला विचारलं, चोळलं नाही का हो? तो म्हणाला, "चोळणारं कोणी नव्हतं बाई. उचलली आन् निघालो."

हे सगळं मी अक्काला सांगितलं. खोटं सांगायला पाहिजे होतं का? मला अजून कळत नाही.  ती बोटं मोजायला लागली. एकेक बोट, ओठ हलतायत. मी म्हटलं, काय मोजतेस? ती मोजतच राहिली, चोळूनही जे उठले नाहीत ते असावेत. संध्याकाळी म्हणाली, "पहिले इचारजो, कोठे दुखस. उजवीकडे गयं तं हात लावू नको." दुसऱ्या दिवशी गेली.

कोणी म्हणतं, कापली म्हणून मेली. तसं नाही हो! उशिरा नेलं की माणूस तिथं मरतो, आपण गावात सांगतो कापल्यानं मेला, मग पुढचा आणखी उशिरा जातो. चार दिवस झाले, बाया माझ्याकडं पोरं घेऊन येतात. अक्काचा हात तुझ्याकडं आला म्हणतात. सकाळी घरीही तेच. माझे सासरे, हे आबा, म्हणाले, लाव तांब्या पिंकीला. मी विचारलं तिला, कुठं दुखतं? तिनं उजवीकडं हात नेला. मी दवाखाना म्हटलं, तर सगळे म्हणाले सभा होऊ दे, मग...

काय, आत्याबाई? काय म्हणता?

झोपली? दुखणं थांबलं?

कधी? आत्ता?

आत्याबाई, चोळू नका! पाणीसुद्धा पाजू नका. तशीच धरा, आले मी.

दुकानवाले नाना, गावात फोन तुमच्याच घरी आहे. माझा भाऊ नरडाण्याला स्टेशनसमोर जीप लावतो. शेजारच्या चहाच्या दुकानात फोन आहे, नंबर मला पाठ आहे, चालता चालता सांगते. आबा, मला रागवायचं ते नंतर रागवा.

तुम्ही सगळे अक्कासाठी दोन मिनिटं गप्प उभे राहा. नाना, तुम्ही उभे राहू नका. चला. आधी माझ्या भावाला फोन लावा.