वाढत्या अंगाचं जाकीट

(विष्णुपुरीच्या जलाशयाचा काठ. मुलांना होडी चालवायला शिकवणारा क्लब; लुंबिनी तिथली प्रशिक्षक. हिवाळ्यातली सकाळ.)

शेषेराव : नाव कमी करा मॅडम माझ्या पोरीचं. तुमच्या भरवशावर पाण्यात सोडली होती.

लुंबिनी : करते काका. पण आधी बसा. दीपमाला, तूपण ये गं. ताप हाय का?

शेषेराव : न्हाई. रातभर खोकून राहिली. होडी उलटली तर जाकीट वर धरतंय म्हणले होते ना तुमी? मग काल माझ्यासमोर कशी बुडाली?

लुंबिनी : जाकीट तरंगलंच काका, पण ही त्याच्यातून खाली घसरली. ते वर सरकून हिच्या तोंडावर आलं. मी हात घालून ओढलं तवा तोंड दिसलं.

शेषेराव : नवं कोरं होतं ते! उमरीहून येऊन नांदेडात चार दुकानं फिरलो.

लुंबिनी : हिला घालून बघितलं होतं?

शेषेराव : कशाला? दोन नंबर मोठंच घेतलं. वाढतं अंग हाय, तीन-चार वर्षं जाईल. शाळेचा ड्रेस बी तसाच घेतो.

लुंबिनी : ड्रेस सैल चालतो. हे अंगासरसं पाहिजे. खांद्याला धरून वर ओढलं तरी हनुवटीला लागायला नको.

शेषेराव : पट्टे आवळले की मी!

लुंबिनी : जाड सुती स्वेटरवरून आवळले. तो भिजून बसला, पट्टे ढिले पडले.

शेषेराव : थंडी हाय म्हणून हिच्या आईनं घातला.

लुंबिनी : सुती भिजलं की जड होतं, अन् जास्तच गारठवतं. वर ऊन असलं तरी पाणी गारच असतंय. पाण्यात पडल्यावर काय होईल, ते बघून कपडे घालायचे. अन् पुराचं पाणी असलं तर कसलंबी जाकीट असू द्या, उतरायचंच न्हाई.

शेषेराव : म्हंजे मीच मारत होतो लेकराला.

लुंबिनी : तुम्ही एकटे न्हाई काका. हिला बसवताना मी बघितलं होतं. जाकीट कानापर्यंत आलं होतं. क्लबचं जुनं, हिच्या मापाचं, माझ्या हातात होतं.

शेषेराव : मग दिलं का न्हाई?

लुंबिनी : तुम्ही लई हौसेनं आणलं होतं. सगळ्यांना दाखवत होता. म्हणलं, आजच्या दिवस राहू द्या. माझंच चुकलं. डोळ्याला डोळा लागला न्हाई माझा.

शेषेराव : दीपे, तुला तर कळलं असंल? सैल हाय म्हणून सांगायचं न्हाई का बाई?

दीपमाला : तुमी फोटो काढून राहिले होते, बाबा.