चर्चच्या वाटेवरची धून

ओस्ला: ...ती सोडून दुसरी कुठलीही वाजव. शनिवारी माझ्या नातीला चर्चपर्यंत नेताना तुला काय, हव्या तेवढ्या येतात. तेवढी एक नको.

फ्रान्सिस: पण काकू, इन्गाने स्वतः मागितली आहे. आजोबांनी आजीच्या लग्नासाठी केलेली धूनच हवी म्हणाली.

ओस्ला: आजोबांनी केलेली हवी आहे ना तिला? मग ती तुझ्याकडे कुठे आहे?

फ्रान्सिस: म्हणजे?

गिडियन: चहा घे, फ्रान्सिस. गार होतोय. आणि ओस्ला, तू जरा दमानं.

ओस्ला: दादा, तू मधे पडू नकोस. अठरा वर्षं दमानंच घेतलं. माझ्या लॉरीला पुरलं त्या दिवशी शाळेची मुलं थडग्याशी उभी राहून वाजवत होती. शेजारीण कानात म्हणाली, ओस्ला, रडून घे, तुझ्या लग्नाची धून आहे. अगं, मला ओळखूच आली नाही. तिने सांगितलं तेव्हा कळलं.

फ्रान्सिस: मुलांनी नीट वाजवली होती. मीच बसवून घेतली होती.

ओस्ला: नीटच वाजवली. तेच तर म्हणतेय.

फ्रान्सिस: काकू, मी अकरा वर्षं एडिनबराला शिकले, मग ऑर्केस्ट्रात व्हायोलिन वाजवलं. दोन आठवड्यांच्या सुट्टीला शेटलंडच्या या बेटावर आले, याच स्वयंपाकघरात लॉरीकाकांना ऐकलं आणि परत गेलेच नाही. त्यांचा एक सूरही मी बदलला नाही.

ओस्ला: सुरांचं कोण बोलतंय? तू थांबणं काढून टाकलंस.

फ्रान्सिस: ते मधेच एखादी मात्रा जास्त घ्यायचे, तेच का?

ओस्ला: तेच.

फ्रान्सिस: ते तालात बसत नव्हतं. मला वाटलं, वय झालंय, हात चुकतो. मुलांना शिकवायची तर सरळ हवी, म्हणून मी...

गिडियन: हात नव्हता चुकत, पोरी. पाय चुकत होता. माझा.

फ्रान्सिस: तुमचा?

गिडियन: आमचा बाप समुद्रात गेलेला, म्हणून ओस्लाला चर्चपर्यंत न्यायचं माझ्याकडे आलं. माझा डावा पाय जन्मापासून आखूड. गावातला दुसरा फिडलवाला नेमका हेरिंग मासळीच्या बोटीवर, त्यामुळे नवरदेवच पुढे वाजवत निघाला. मागे आम्ही दोघं, आमच्यामागे सगळं गाव. चढ आला की मी मागे पडायचो.

ओस्ला: मोघम नको सांगूस. नवरीला घेऊन मागे पडायचास, आणि गाव दात काढायला टपलेलं.

गिडियन: हो. पण लॉरीने धूनच थांबवली. मी पाय ओढून घेईपर्यंत सूर धरून ठेवला, जणू ती धून तशीच असते. लोकांना वाटलं, काय झोकात वाजवतोय. मी लंगडतोय इकडे कुणाचं लक्षच गेलं नाही. पुढे या बेटावर प्रत्येक लग्नात ती तशीच वाजली.

ओस्ला: तू येईपर्यंत.

फ्रान्सिस: मला कुणी सांगितलं का नाही?

ओस्ला: वाजवणाऱ्याला ‘चुकलीस’ म्हणायची इथे रीत आहे का? शाळेच्या कार्यक्रमात लॉरी पहिल्या रांगेत बसला होता. घरी आला, म्हणाला, ‘पोरं छान वाजवतात.’ फिडल त्या खिळ्याला लावली. दुसऱ्या दिवशी काढली, बाकी सगळं वाजवलं. ती धून मात्र पुन्हा कधी नाही.

फ्रान्सिस: मी विचारलं होतं त्यांना. म्हणाले, आता ती तुमची.

ओस्ला: म्हणेलच.

फ्रान्सिस: मला एकदा म्हणाले होते, ही बसून यायची नाही, चर्चपर्यंत माझ्यामागे चालत चल. वारा फार होता. व्हायोलिन खराब होईल म्हणून मी नको म्हटलं. इथेच वाजवा, मी लिहून घेते, म्हटलं.

गिडियन: शेटलंडात वारा पडायची वाट बघायची, तर लॉरीला अजून शंभर वर्षं जगावं लागलं असतं.

फ्रान्सिस: पहिल्या कागदावर मी सगळे थांबे मांडले होते, काका. मग स्वच्छ प्रत केली आणि तो कागद याच शेगडीत टाकला. त्यांच्यासमोर.

ओस्ला: ठाऊक आहे. झाकण मीच उघडून दिलं होतं.

फ्रान्सिस: काकू, अजून दोन दिवस आहेत. तुम्ही गुणगुणा. मी ऐकून ऐकून बसवते. या वेळी काही लिहिणार नाही.

ओस्ला: तो गेल्यापासून रोज तेच करतेय. गाईंचं आवरताना सुरू करते. सुरू लॉरीची होते आणि पुढे तुझी होऊन जाते. अठरा वर्षं शाळेत तुझी, लग्नात तुझी, रेडिओवर तुझी. माझ्याही कानात तीच जाऊन बसली. शाळेच्या कार्यक्रमानंतर त्याच आठवड्यात तुला बोलले असते तर झालं असतं. मीही तोंड शिवून बसले. सगळं तुझ्या एकटीच्या माथी नाही मारत मी.

फ्रान्सिस: गिडियनकाका, तुम्ही चला ना माझ्याबरोबर, इथून चर्चपर्यंत. तुमचा पाय जिथे मागे राहील तिथे...

गिडियन: चाललो असतो गं. पण मार्चमध्ये अबर्डीनला जाऊन नवा खुबा बसवून आलो ना. हे बघ.

(गिडियन टेबलापासून दारापर्यंत चालत जातो आणि परत येतो.)

फ्रान्सिस: सगळी पावलं सारखी.

गिडियन: पंच्याऐंशीव्या वर्षी पलटणीतला शिपाई झालो. तुझ्या धुनेबरोबर अगदी झकास चालता येईल. राग मानू नकोस.

फ्रान्सिस: राग कसला, काका. लाज वाटते मला. शनिवारी मी वाजवत नाही. दुसऱ्या कुणाला सांगा.

ओस्ला: कुणाला? सगळ्यांना तूच शिकवलंस.

गिडियन: वाजव तू. पोरीने मागितली आहे. तिचा बाप जहाजावर, तेव्हा तिचा हात धरून मीच चालणार आहे. मी थांबेन.

ओस्ला: पाय मागे पडत नसताना?

गिडियन: मला जागा माहीत आहेत. मेंढवाड्याच्या फाटकाशी, ओढ्याच्या फरशीवर आणि चर्चच्या चढाला.

फ्रान्सिस: तिथे पोचायचात तेव्हा धून कुठे आलेली असायची?

गिडियन: ते लॉरीला ठाऊक. मी पायाकडे बघत असायचो.

फ्रान्सिस: मग मला कसं कळणार? मी तर पुढे असणार, तुमच्याकडे पाठ करून.

ओस्ला: लॉरी मागे वळून बघायचा.