खंडेनवमीचा हिरवा दिवा

हात जोडा मंडळी, डोळे मिटा, आणि एकदा मनापासून देवाचं नाव घ्या. घेतलंत? आता डोळे उघडा. डोळे मिटल्याबरोबर ज्यांचा हात खिशातल्या मोबाईलकडं गेला, त्यांनी तो गपगुमान बंद करावा. मला इथून सगळं दिसतंय!

आज मी एक प्रश्न घेऊन आलोय. माणसाचं काम अडलं, तर 'माझं अडलंय' असं म्हणणं हा कमीपणा? की अडलेलं झाकून ठेवणं हा कमीपणा? थांबा, लगेच माना डोलावू नका. मान डोलावण्यात तुम्ही सगळे पटाईत आहात, ते मला ठाऊक आहे. आधी गोष्ट ऐका.

गोष्ट राजाची नाही, ऋषीची नाही. तुम्ही औद्योगिक वसाहतीच्या देवळात बसलाय, बाहेर अजून कुणाची तरी मशीन ठकठक करतेय, मग गोष्टही पत्र्याच्या शेडमधलीच हवी ना? कोल्हापूरकडची अशीच एक वसाहत. तिथं घरघंट्या बनायच्या. घरघंटी म्हणजे घरच्या घरी दळण दळायची छोटी गिरणी. दिसायला कपाटाएवढी, पण तिला हात किती लागतात बघा! लोखंडाचं ओतकाम करायचे बाळगोंडा पाटील. मोटार भरायचे, म्हणजे तिच्यात तांब्याची तार गुंडाळायचे, इलाहीभाई शिकलगार. आतला फिरणारा दांडा, ज्याला शाफ्ट म्हणतात, तो लेथवर, म्हणजे लोखंड कातायच्या मशीनवर, बनवायचे आपल्या गोष्टीचे नायक, रंगराव चौगुले. आणि सगळं आणून जोडायच्या अक्काताई मगदूम. शेड वेगवेगळी, मालक वेगवेगळे, पण घरघंटी एक.

आता चार माणसांनी मिळून एक वस्तू करायची म्हटलं की काय होतं? अक्काताई फोन करायच्या, "बाळगोंडा, माल कुठाय?" उत्तर यायचं, "निघालाय की ताई, गाडी वाटंतच हाय!" आणि गाडी? गाडी शेडमध्ये. ड्रायव्हर चहा पितोय. माल अजून भट्टीत! हसताय? तुम्ही काल कुणाला 'निघालोय, पोचतोच' म्हणालात, आणि तेव्हा अंगावर टॉवेल होता, ते सांगू का इथं?

अक्काताईंना याचा वीट आला. एका मोठ्या महिला संघानं घरघंट्यांची मागणी दिली होती. बायका दिवाळीची भाजणी, बेसन, रवा दळून विकणार होत्या. घरघंटी दिवाळीच्या आधी हातात पाहिजे. नाही मिळाली तर पुढचं सगळं काम परगावच्या कारखान्याला जाणार, आणि हे चौघं शेडमध्ये माशा मारत बसणार.

मग ताईंनी एक जोडणी केली. प्रत्येकाच्या एकेका मशीनला छोटी डबी चिकटवली. मशीन चालली की थरथरते, ती थरथर डबीला कळते, आणि चौघांच्या आणि त्यांना माल पुरवणाऱ्यांच्या मोबाईलवर त्या मशीनपुढं हिरवा दिवा लागतो. मशीन नुसती थांबली की दिवा विझतो. आणि काम अडलं तर ज्याचं त्यानं बोटानं लाल दिवा लावायचा. या सगळ्याला ते म्हणायचे 'फळा'. शाळेत असतो तसा, सगळ्यांना दिसणारा.

ताई म्हणाल्या, "लाल दिवा म्हंजे शिक्षा न्हाई. लाल दिवा म्हंजे हाक. ज्याचा लाल, त्याच्याकडं बाकीच्यांनी धावायचं."

तेवढ्यात रंगराव उठले. रंगरावांची मिशी म्हणजे काय सांगू! माणूस शेडच्या दारात यायच्या आधी मिशी आत यायची. त्या मिशीवर हात फिरवून म्हणाले, "ताई, बाकीच्यांचं मला म्हाईत न्हाई. माज्या वडलांनी घेतलेली लेथ हाय. रंगरावचा दिवा लाल झाला, तर ही मिशी उतरवून ठिवीन!"

झालं! कुणी मागितलं होतं का? कुणीच नाही. पण माणूस स्वतःच्या गळ्यात स्वतःच घंटा बांधतो, आणि मग ती वाजली की दचकतो.

पितृपक्षात एक दिवस लेथमधून कडाड्‌कन आवाज आला. आतला गिअर फुटला. जुनी लेथ, तसला गिअर बाजारात तयार मिळत नाही, घडवून घ्यावा लागतो. गिअरवाल्याला फोन केला. तो म्हणाला, "करतो आणि धाडतो." दोन दिवसांनी विचारलं, तर म्हणाला, "निघालाय!"

विठ्ठल विठ्ठल! वसाहतीचं औषध वसाहतीलाच!

रंगराव मोबाईल हातात घेऊन उभे. लाल दिव्यावर बोट नेलं. बोट तिथंच थांबलं. दुसरा हात आपोआप मिशीवर गेला. आणि नेमकी त्यांची नजर वर गेली. भिंतीत धूर बाहेर टाकणारा मोठा पंखा. जुना, खिळखिळा, थडथड थडथड करणारा. रंगरावांनी लेथवरची डबी काढली, स्टुलावर चढले, पंख्याच्या चौकटीला डबी बांधली, बटण दाबलं. आणि मोबाईलवर — हिरवा दिवा!

त्यांची बायको हौसाबाई. शेडमध्ये शाफ्ट पुसायचं, मोजायचं, बांधायचं काम तीच करायची. ती कमरेवर हात ठेवून बघत होती. "अवो, ह्ये काय चालवलंय?"

"चारच दिसांचा प्रश्न हाय. गिअर आला की डबी लेथला."

"आन् तवर पंखा शाफ्ट करणार व्हय?"

तयार शाफ्टचा थोडा साठा होता, रंगराव तो थोडा थोडा पाठवायला लागले. पण मंडळी, खोटं घरातच राहिलं तर एक वेळ ठीक. हे खोटं फळ्यावर गेलं होतं! शाफ्टसाठी लोखंडी सळ्या पुरवणाराही फळा बघतो. त्याला वाटलं, रंगरावची लेथ धावतेय, सळ्या कमी पडतील. आला टेम्पो! सळ्या उतरल्या. पुन्हा टेम्पो, पुन्हा सळ्या. दारात एवढा ढीग झाला की रंगरावांना आडवं होऊन आत शिरावं लागायचं. बाळगोंडानं फळा बघितला, म्हणाला, शाफ्ट एवढे होतायत तर मी मागं का राहू? त्यानं दुप्पट ओतकाम काढलं. इलाहीभाईंनी जास्तीच्या मोटारी भरल्या. पंखा फिरतोय, आणि सगळी वसाहत त्याच्या मागं धावतेय!

त्यात आणखी मौज. माणसं जेवायला बसतात, मशीन थांबते, दिवा विझतो. पंखा कुठं जेवतो? सगळ्यांचे दिवे दुपारी विझायचे, रंगरावचा जळत राहायचा. एके दिवशी अक्काताई स्वतः पेढे घेऊन आल्या. दारातच भेटल्या. "रंगराव, तुमचा दिवा बघून आमाला हुरूप येतो बघा. जरा जेवत तरी जावा!"

रंगरावांनी पेढा तोंडात टाकला. वडलांच्या लेथवर कापड टाकलेलं होतं, तिकडं बघवेना. ताई गेल्या तसा तो माणूस सळ्यांच्या ढिगावर बसला आणि म्हणाला, "हौसा, मला लाज वाटाय लागलीया."

"मग दाबा की लाल दिवा."

"आता कसा दाबू? आता तर पेढंबी खाल्लं."

बघा! पहिल्या दिवशी एक गिअर फुटलेला होता. आता गिअर, वर पंखा, वर सळ्या, वर पेढे. एवढं सगळं अंगावर घेऊन माणूस उठणार कसा? साठ्यातले शाफ्ट संपत आले. ताईंचा फोन आला की म्हणायचे, "पॉलिश चालू हाय." गिअरवाला म्हणायचा, "वाटंत हाय." आणि दिवाळी जवळ जवळ यायला लागली.

मग आली खंडेनवमी. तुम्हाला खंडेनवमी काय सांगायची? त्या दिवशी आपण मशीनला हात लावत नाही. वर्षभर ती आपल्यासाठी राबते, त्या दिवशी आपण तिला आंघोळ घालतो, हळदीकुंकू लावतो, झेंडूची माळ घालतो. सगळी वसाहत शांत. फळ्यावर सगळे दिवे विझलेले. बाळगोंडाचा विझलेला. इलाहीभाईंचा विझलेला, त्यांच्या शेडलाही झेंडूचं तोरण होतं. आणि रंगरावचा?

हिरवागार!

रंगरावांनी त्या दिवशी पंखा लावला नव्हता बरं का. एवढं भान होतं. पण हौसाबाईनं पूजेला ऊद घातला. चांगला पसाभर घातला. शेडमध्ये धूर झाला, रंगराव खोकायला लागले, आणि तिनं जाऊन पंख्याचं बटण दाबलं. पुढं तिला लोकांनी विचारलं तर म्हणायची, "धूर झाला हुता, म्हून लावला." आता खरंच धुरासाठी लावला, का आणखी कशासाठी लावला, ते हौसाबाईला ठाऊक आणि देवाला ठाऊक. मी कोण विचारणार?

इकडं बाळगोंडाच्या हातात मोबाईल. त्याचं डोकंच फिरलं. "खंडेनवमीला मशीन चालवतोय? माल पाहिजे म्हून काय रीतभात सोडायची?" तो निघाला. वाटेत इलाहीभाई आले, अक्काताई आल्या. तिघं तणतणत रंगरावच्या दारात. सळ्यांचा ढीग ओलांडून, अंग चोरून, आत शिरले.

आत काय? लेथ आंघोळ घालून, माळ घालून बसलीय, नवी नवरी जशी. तिच्यापुढं रंगराव डोक्याला फेटा बांधून आरती ओवाळतायत. लेथ बंद. मोबाईलवर दिवा हिरवा. तिघांनी लेथ बघितली, मोबाईल बघितला, लेथ बघितली. आणि मग आवाज कुठून येतोय म्हणून हळूहळू माना वर केल्या.

थडथड थडथड थडथड.

पंखा फिरतोय. आणि चौकटीला सुतळीनं बांधलेली डबी.

रंगरावांनी हातातलं ताट खाली ठेवलं. फेटा काढून बाजूला ठेवला. म्हणाले, "गिअर फुटलाय. पितृपक्षातच. मी तुमा समद्यांस्नी फसवलं. माजा दिवा लाल हाय." आणि त्या एवढ्या मिशीवाल्या माणसाच्या डोळ्यांतून पाणी आलं. "वस्तरा आणतो. मिशी उतरवतो."

हौसाबाई म्हणाली, "मिशी र्‍हाऊ द्या. आधी ती डबी उतरवा!"

बाळगोंडा तापला होता. का तापणार नाही? त्याच्या शेडमध्ये ओतकामाचे डोंगर लागले होते. तो ओरडला, "मर्दा, एकदा तोंड उघडायचं हुतंस! ओतकाम तासायची माजी लेथ दुपारनंतर रिकामीच असतीया. भिंतीला भिंत लागून हाय आपली. भिंतीला!"

ऐकलंत का मंडळी? भिंतीपलीकडं लेथ रिकामी होती! फळ्यावर रोज दुपारी तिचा दिवा विझलेला दिसत होता. रंगराव रोज तो फळा बघत होते, पण कशासाठी? आपला हिरवा दिवा लागलाय ना, तेवढं बघायला. दुसऱ्याचा विझलेला दिवा आपल्या उपयोगाचा आहे, हे दिसलंच नाही. लाल दिव्यावर एक बोट टेकलं असतं, तर त्याच दुपारी काम सुरू झालं असतं.

अक्काताई मात्र शांत उभ्या होत्या. म्हणाल्या, "चूक माजीबी हाय. पेढे हिरव्या दिव्याला दिले. लाल दिवा लावणाऱ्याला द्यायला पायजे हुते." आणि मग विचारलं, "आता बोला, कसं करायचं?"

इलाहीभाई म्हणाले, "माज्याकडंबी एक लेथ हाय, लहान. दोन्हीकडं चालवू. पण हात रंगरावचाच पायजे. त्यांच्यावानी शाफ्ट आपल्यात कुणाला जमत न्हाई."

पण आजच कसं करणार? खंडेनवमी! मशीनला हात लावायचा नाही. सगळे थांबले. आणि दुसऱ्या दिवशी काय होतं? दसरा! दसऱ्याला आपण काय करतो? सीमोल्लंघन! गावाची शीव ओलांडतो. रंगरावांनी दसऱ्याला शीव ओलांडली ती कुठली? बाळगोंडाच्या शेडची! खांद्यावर सळ्या, मागं हौसाबाई, तिच्या हातात आपट्याची पानं. आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्याच्या लेथपुढं उभे राहिले. बाळगोंडानं सोनं घेतलं, गळामिठी मारली, आणि म्हणाला, "चल, लाग कामाला. आन् सळ्या तेवढ्या सरळ दारातनं आण, माज्या शेडात अजून वाट हाय!"

एका लेथवर रंगराव, दुसऱ्या लेथवर इलाहीभाईंचा माणूस, रंगराव त्याला शिकवणार. दारातला सळ्यांचा ढीग उतरायला लागला. बाळगोंडाचे डोंगर उतरायला लागले. खोट्यानं जे साठवलं होतं, ते खऱ्यानं वापरून टाकलं. वसुबारसेच्या आठवडाभर आधीच शेवटची घरघंटी गाडीत चढली. अक्काताईंनी संघाला फोन केला, "गाडी निघाली." आणि त्या वसाहतीच्या इतिहासात पहिल्यांदाच, गाडी खरंच निघाली होती!

गिअर? गिअर तुळशीच्या लग्नानंतर आला. लेथ दुरुस्त झाली, वर्षभर नीट चालली, आणि पुन्हा एकदा कुरकुरली. रंगरावांनी काय केलं? मिशीला पीळ दिला आणि लाल दिव्यावर बोट टेकवलं. चहा उकळायच्या आत बाळगोंडा दारात हजर, आणि त्याच्या मागं अक्काताई, हातात पेढे!

आता माझा प्रश्न. आपण देवापुढं हात जोडतो, म्हणजे काय करतो? लाल दिवाच लावतो की! 'पांडुरंगा, माझं अडलंय रे.' देवाला सांगायला आपल्याला लाज वाटत नाही. मग देवानं जो माणूस भिंतीला भिंत लावून पाठवलाय, त्याला सांगायला का वाटते? देव काय आभाळातून गिअर टाकणार आहे? त्यानं शेजारी दिलाय. त्यात त्याचं काम झालं.

आणि रंगरावला हसू नका फार. तुम्हाला कुणी विचारतं, "कसं चाललंय?" तुम्ही म्हणता, "मस्त!" पोरगं बोलत नाही घरात, मस्त. तब्येत बरी नाही, मस्त. धंद्यात मन लागत नाही, एकदम मस्त! अहो, डबी पंख्याला बांधलीय तुमची! आणि बघणारे बिचारे तुमच्या दारात सळ्या ओतून जातात. "याचं बरं चाललंय, याला अजून काम सांगा."

आमच्या मृदंगवाल्या बुवांनाच विचारतो. बुवा, कसं चाललंय? ... काय? ... ऐकलंत? म्हणाले, "बोटं सुजलीत महाराज, आवरा आता." बघा! अख्ख्या देवळात एकानं तरी लाल दिवा लावला. पेढा द्या त्यांना!

आवरतो. आरतीचं ताट तयार आहे. पण आधी एक करा. तो वरचा पंखा बंद करा कुणीतरी. हां. आता आवाज नाही, आडोसा नाही. आपापल्या शेजारी बसलेल्या माणसाकडं वळा. रोज बघता त्याला, रामराम करता, पुढं जाता. आज त्याला विचारा, "कसं चाललंय?" आणि उत्तर येईपर्यंत थांबा. मी पण थांबलोय. आरतीला घाई नाही.